दिवाळीनंतरची पहिली ओली काच

नागपुरात वेट प्लेट, म्हणजे ओल्या काचेवर फोटो घ्यायची जुनी पद्धत, शिकायची असेल तर सामान दिवाळीत जमवायला लागा आणि पहिली काच डिसेंबरात ओता. काचेवर ओतायच्या चिकट द्रावात, म्हणजे कोलोडियनमध्ये, ईथर असतं आणि ईथर ३४.६ अंशांना उकळतं. मेअखेरच्या नवतप्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. मी पहिला प्रयत्न मे महिन्यात केला होता. कोलोडियन चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत पहिला कोपरा सुकून सुरकुतला. डिसेंबरातल्या सकाळी त्याच हातांनी, त्याच बाटलीतून ओतलेली काच नीट आली. म्हणून यादीत पहिलं नाव ऋतूचं.

पद्धत १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी जाहीर केली. त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही, आणि १८५७ मध्ये ते हलाखीतच वारले. आपण आज ही विद्या कुणालाही न विचारता शिकू शकतो ती त्यांच्यामुळे, हे मला दर वेळी आठवतं. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच डेव्हलप करायची, म्हणजे रसायन ओतून चित्र उमटवायचं. थर सुकला की डेव्हलपर आत शिरत नाही. थंडीत हाताशी सात-आठ मिनिटं असतात, उन्हाळ्यात तीन-चार. पुढची सगळी तयारी ही मिनिटं वाचवण्यासाठी आहे.

काच फोटोफ्रेमवाल्याकडून घ्या. दोन मिलिमीटरची, चार बाय पाच इंचांची, निदान वीस तुकडे. धारा कुरुंदाच्या दगडावर पाणी टाकून घासा. बोट कापतं म्हणून तर घासायच्याच, पण गुळगुळीत धारेवर थर नीट धरत नाही आणि धुताना सोलून निघतो, हेही कारण आहे. मग कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड, पाणी आणि अल्कोहोल यांच्या लगद्याने काच दोन्ही बाजूंनी पुसायची. तोंडाची वाफ टाकून बघा: वाफ एकसारखी बसली आणि एकसारखी उडाली तर काच स्वच्छ. डाग, रेघ, बोटाचा ठसा, जे काही राहिलं असेल ते फोटोत येणारच. नवशिक्यांच्या दहापैकी सात काचा इथेच बिघडतात असा माझा अंदाज आहे, म्हणून आदल्या दिवशीचे दोन तास यालाच द्या. थर सुटायची भीती वाटत असेल तर अंड्यातलं पांढरं पाण्यात फेटून, गाळून, कडेने बोटभर लावून सुकवा.

कोलोडियन तयार विकत घ्या. ते ज्यापासून बनतं ते गनकॉटन (आम्लात मुरवलेला कापूस) घरी करायच्या फंदात अजिबात पडू नका. कोरडं गनकॉटन भडकतं. तयार कोलोडियनमध्ये आयोडाइड आणि ब्रोमाइड मिसळून बाटली काही दिवस स्थिर ठेवा, वरचं स्वच्छ द्रावण वापरा. आणि उन्हाळ्यात कितीही मोह झाला तरी ही बाटली घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद फ्रिजमध्ये ती साठते, आणि थर्मोस्टॅटची एक ठिणगी पुरते. तपकिरी बाटली, घट्ट बूच, घरातली सगळ्यात गार अंधारी जागा. ओतायच्या खोलीत गॅस नको, उदबत्ती नको, देवघरातलं निरांजनही नको. कूलरही बंद: त्याची मोटर ठिणगी टाकू शकते, वर वाळ्याचा कचरा आणि धूळ ओल्या थरावर येऊन बसते. खिडकी मात्र उघडी हवी, वारा अंगावर न येता हवा खेळेल अशी.

सिल्व्हर नायट्रेट हा सगळ्यात महाग भाग आहे. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात ९० ग्रॅम. नळाचं किंवा बोअरचं पाणी इथे चालत नाही. त्यातल्या क्षारांनी द्रावण लगेच दुधाळ होतं. नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून पीएच चारच्या आसपास आणा, आणि पहिल्या वापराआधी कोलोडियन लावलेली एक काच रात्रभर त्यात बुडवून ठेवा. वीस-तीस काचांनंतर या बाथमध्ये, म्हणजे काच बुडवायच्या द्रावणात, ईथर-अल्कोहोल आणि कचरा साठतो. तेव्हा चिमूटभर खाण्याचा सोडा घालून आम्ल मारा, काचेच्या बरणीत गच्चीवर उन्हात ठेवा. मळ काळा होऊन खाली बसतो. गाळून घ्या, पुन्हा आम्ल घाला. एप्रिलचं ऊन इथे उपयोगी पडतं.

डोळ्यांचा गॉगल यादीत सगळ्यांत वर लिहायला हवा होता. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब बोटावर पडला तर आठवडाभर काळा डाग राहतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल, नायट्राइलचे मोजे, जुना ॲप्रन, हाताशी भरपूर स्वच्छ पाणी. यातलं एक जरी नसेल तर त्या दिवशी काम करू नका. फिक्सरसाठी, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करायला, जुने लोक पोटॅशियम सायनाइड वापरायचे. तुम्ही हायपो (सोडियम थायोसल्फेट) वापरा. चित्र थोडं कमी उजळ येईल, धुवायला अर्धा तास जास्त लागेल, पण घरात सायनाइड येणार नाही.

डेव्हलपर हिराकशीचा (फेरस सल्फेटचा): साडेतीनशे मिली पाण्यात १५ ग्रॅम हिराकस, त्यात १५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि थोडं अल्कोहोल. उष्मा जास्त असेल तर ॲसिड वाढवा किंवा चमचाभर साखर घाला, क्रिया मंदावते. काचेवर एका झोकात पसरवायचा, बाहेर सांडू द्यायचा नाही, पंधरा सेकंद मोजायचे आणि पाणी.

समोर बसणाऱ्या माणसालाही आधी सांगून ठेवा. ही काच निळा प्रकाश पाहते, लाल-पिवळा जवळजवळ पाहतच नाही. हळदीच्या रंगाचं लुगडं काळं येतं, कुंकू काळं, झेंडूचा हार काळा, आणि निळा शर्ट पांढरा. काकूंनी पिवळी पैठणी काढून ठेवली असेल तर आधीच बोला. चित्र आरशासारखं उलटं येतं, डाव्या खांद्यावरचा पदर उजवीकडे दिसतो. काचेची थराकडची बाजू काळी करून उलट्या बाजूने पाहिलं की पदर जागेवर येतो. मान स्थिर राहायला डोक्यामागे आधार हवा. लोखंडी स्टँड नसेल तर उंच पाठीची खुर्ची आणि मागे भिंत. गच्चीच्या सावलीत, सकाळी नऊच्या सुमारास, लेन्सचं छिद्र एफ ५.६ वर ठेवून चार-पाच सेकंदांपासून सुरुवात करा.

सुकलेल्या चित्रावर शेवटी लावायच्या वॉर्निशसाठी सँडरॅक डिंक, अल्कोहोल आणि लवेंडरचं तेल. सँडरॅक मिळाला नाही तर पॉलिशवाल्याकडची चपडा लाख चालते, चित्राला किंचित पिवळट झाक येते.

ओतण्याचा हात मात्र विकत मिळत नाही. आठवडाभर आधी, रोज दहा मिनिटं, त्याच काचेवर साखरेचा पातळ पाक ओतून बघा: मधोमध डबकं, मग एकेक कोपरा, शेवटच्या कोपऱ्यातून उरलेलं परत बाटलीत. आदल्या रात्री बाथ गाळा, कॅमेऱ्यात काच धरणाऱ्या होल्डरच्या तळाशी टिश्यूची पट्टी घाला, लाल दिव्यात सगळ्या बाटल्या वापरायच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा आणि डोळे मिटून एकेकीला हात लावून बघा.