अमेरिकन की जपानी? अमेरिकेत सेकंडहँड गाडी पारखायची कशी

मिशिगनमध्ये नव्यानं आलेली मराठी मुलं मला हमखास विचारतात, "ताई, गाडी अमेरिकन घेऊ की जपानी?" मी डेट्रॉइटजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. वॉरंटीत परत आलेले भाग उघडायचे आणि ते का गेले हे शोधायचं, हे माझं रोजचं काम. आमचा माल डेट्रॉइटच्या कंपन्यांनाही जातो आणि इथे कारखाने असलेल्या जपानी कंपन्यांनाही. टेबलावरच्या भागाचं बिघडण्याचं कारण मला त्याच्या देशात कधी सापडलेलं नाही. तो कुठल्या इंजिनाशेजारी बसला होता आणि कुठल्या वर्षी बनला, यात ते पुष्कळदा सापडतं. म्हणून गाडी घेतानाही मी इंजिन, गिअरबॉक्स आणि वर्ष आधी विचारते, कंपनीचं नाव नंतर.

पुण्याकडून आलेल्यांच्या मनात अमेरिकन गाडीबद्दल एक अढी असते आणि ती मला समजते. जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं. तळेगावात बनलेल्या शेव्हरोले बीट ज्यांच्या दारात होत्या, त्यांना पुढे पार्ट्सची काळजी लागली. २०२१ मध्ये फोर्डनंही भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण इथे शेव्हरोले किंवा फोर्डचा पार्ट गावातल्या कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो, गाडी दुरुस्त करणारा कोपऱ्यावर असतो आणि बिल बहुधा कमीच येतं. ती अढी इथे आणू नका.

पहिलं काम म्हणजे गाडी कशासाठी हवी ते ठरवणं. कुठली कंपनी कशात तरबेज आहे, याला इतिहास आहे. साठच्या दशकात युरोपनं अमेरिकी कोंबडीवर जकात वाढवली. उत्तरादाखल अमेरिकेनं १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवली. कोंबडीचं भांडण कधीच मागे पडलं, ट्रकवरची जकात राहिली. त्या भिंतीआड डेट्रॉइटनं पिकअप आणि मोठ्या एसयूव्हीवर पैसा कमावला आणि आपलं सगळं कसबही तिथेच ओतलं. लहान गाड्यांचं नेमकं उलट झालं. १९७३ च्या तेलसंकटात पेट्रोल महागलं तेव्हा जपानी कंपन्यांच्या हाती लहान, कमी पिणाऱ्या गाड्या तयार होत्या. डेट्रॉइटसाठी लहान गाडी म्हणजे फारसा नफा नसलेली, मायलेजची सरकारी सरासरी गाठायला बनवायची गोष्ट होती, आणि ते त्या गाड्यांत बसलं की जाणवायचं.

म्हणून माझा सल्ला असा. ट्रेलर ओढायचा आहे, सात-आठ जण आणि त्यांचं सामान घेऊन लांब जायचं आहे, तर अमेरिकन गाड्यांपासून सुरुवात करा. ऑफिस, युनिव्हर्सिटी, वाणसामान एवढंच असेल तर कोरोला, सिव्हिक, माझ्दा ३. हायब्रिड हवी तर आधी टोयोटा, आणि तिच्या जोडीला फोर्डच्या हायब्रिडही पाहा, कारण फोर्डनं २००४ मध्येच एस्केप हायब्रिड आणली आणि तिचा गिअरबॉक्सही टोयोटासारखाच दातेरी चाकांचा आहे, पट्ट्याचा नाही. मध्यम सेडानमध्ये एक संधी लोक दवडतात. फोर्डनं २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सेडान बंद करायचं ठरवलं, शेव्हरोलेची शेवटची मालिबू २०२४ मध्ये बनली. बंद झालेल्या मॉडेलला भाव कमी मिळतो. शेव्हरोले इम्पालाची २०१४ ते २०२० ही शेवटची पिढी, सहा सिलिंडरच्या इंजिनासह आणि नीट सर्व्हिसिंग झालेली मिळाली, तर तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या जास्त पळालेल्या कॅमरीपेक्षा मी ती घेईन. शिकागो किंवा न्यू जर्सीपर्यंत सलग चालवून जायचं असेल तर नक्कीच.

आता चॅसिस नंबर वाचायला शिका. इथे त्याला व्हिन म्हणतात. ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली आणि दाराच्या खांबावर तो १७ अक्षरांचा असतो. पहिलं अक्षर १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेत जोडलेली आहे. २ म्हणजे कॅनडा, ३ मेक्सिको, जे जपान, के कोरिया, डब्ल्यू जर्मनी. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं: एल म्हणजे २०२०, एम २०२१, एन २०२२. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या गाड्यांत आठवं अक्षर इंजिन सांगतं. नंबर हाती आला की एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. गाडी कुठल्या कारखान्यात बनली आणि कुठला रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीनं गाडी परत बोलावणं) राहिला आहे, दोन्ही फुकटात कळतं.

हे केल्यावर 'अमेरिकन' आणि 'परदेशी' या शब्दांचा भरवसा उरत नाही. होंडा अकॉर्ड १९८२ मध्येच ओहायोतल्या मेरिसव्हिलला बनू लागली, टोयोटा कॅमरी बनते केंटकीतल्या जॉर्जटाउनला, बीएमडब्ल्यूची एक्स५ साउथ कॅरोलिनात. उलट फोर्डचा मॅव्हरिक पिकअप मेक्सिकोतल्या एर्मोसियोचा आणि शेव्हरोले ट्रॅक्स कोरियाची. जीप, डॉज आणि क्रायस्लर २०२१ पासून स्टेलांटिसच्या छत्राखाली आहेत, आणि तिची नोंदणी नेदरलँड्सची आहे.

कारखान्याच्या मातीत काही नसतं, याचा पुरावा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आहे. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी आणि वाईट कामासाठी बदनाम होता, १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांश जुनेच होते, त्यांतल्या अनेकांना जपानला नेऊन शिकवलं. दोष दिसला की दोरी ओढून कुणीही लाइन थांबवू शकेल, ही पद्धत आणली. त्याच हातांतून चांगल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या छपराखाली टोयोटा कोरोला आणि तिची जुळी बहीण जिओ प्रिझम अशा दोन्ही बनत; जिओ जनरल मोटर्सचं नाव, म्हणून सेकंडहँड बाजारात तिला कमी भाव यायचा. फक्त नावापायी. आज त्या जागी टेस्लाचा कारखाना आहे.

डेट्रॉइटमध्ये हा विषय कधीकाळी रक्तापर्यंत गेला होता, हे इथे राहायला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक असावं असं मला वाटतं. जून १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी-अमेरिकन तरुणाला मोटार उद्योगातल्या दोघांनी बेसबॉलच्या बॅटनं मारलं. जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या गेल्या, हा राग त्याच्यावर निघाला. चार दिवसांनी तो गेला. मारेकऱ्यांना प्रोबेशन आणि दंड झाला, तुरुंगवास झाला नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं: इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी. एकाच नावाच्या गाडीत दोन-तीन जोड्या असतात आणि त्यांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. फोर्ड फोकसच्या २०१२ ते २०१६ च्या ऑटोमॅटिक गाड्यांत दुहेरी क्लचचा पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स होता. सावकाश चालताना गाडी थरथरायची, हिसके द्यायची. प्रकरण सामूहिक दाव्यापर्यंत गेलं. तीच फोकस हाताच्या गिअरची मिळाली तर खुशाल पाहा. निसाननं पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटी गिअरबॉक्सची वॉरंटी अनेक मॉडेलवर वाढवून दिली, म्हणजे 'जपानी आहे, डोळे मिटून घे' हेही खरं नाही. ह्युंदाई-कियाच्या थीटा-२ इंजिनाचे बेअरिंग जात होते, त्यासाठी २०१५ पासून रिकॉल निघाले. जनरल मोटर्सचं ३.६ लिटरचं इंजिन २००७ ते २००९ च्या गाड्यांत टायमिंग चेनसाठी बदनाम होतं. वर इम्पालात मी सुचवलं ते त्याचंच सुधारलेलं रूप. पिकअपमध्येही अलीकडे दोघांना धक्के बसले आहेत. इंजिनात धातूचा कीस राहिल्यामुळे टोयोटानं २०२४ मध्ये टंड्रा आणि लेक्सस मिळून सुमारे १ लाख गाड्या परत बोलावल्या. २०२५ मध्ये जनरल मोटर्सनं ६.२ लिटर इंजिनाच्या सुमारे ६ लाख गाड्या बोलावल्या.

रिकॉल झाला म्हणून घाबरू नका. काम करून घेतलेलं असेल तर तो प्रश्न मिटला. मालकांच्या तक्रारी मात्र वाचा, आणि एकच तक्रार, साधारण त्याच मैलांवर, वारंवार दिसते का ते पाहा. जाहिरातीतल्या 'प्रारंभिक गुणवत्ता' पुरस्कारानं भुलू नका. जे. डी. पॉवरच्या त्या पाहणीत पहिल्या ९० दिवसांचा अनुभव मोजतात, आणि सेकंडहँड घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठीच्या मासिकाचे वर्षवार तक्ते पाहा. बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत ते मोफत मिळतात.

गाडी पाहायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहा. गरम असेल तर का ते विचारा. थंड इंजिनाचे पहिले काही सेकंद कान देऊन ऐका. चेन सैल असेल तर तेव्हाच खडखडते. मग गर्दीच्या रस्त्यावर ताशी १० ते २५ मैलांच्या वेगात चालवा, थांबा, पुन्हा हलकेच निघा. गिअरबॉक्सचं दुखणं हायवेवर लपतं आणि इथे बाहेर येतं. हायवेवरही न्या, पण चढणाऱ्या रॅम्पवर. सीव्हीटी असेल तर तिथे घरघर येते का ते ऐका.

माझ्या बॅगेत गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा एक छोटा ब्लूटूथ स्कॅनर कायम असतो, फार महाग नसतो. १९९६ पासूनच्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगखाली त्याची खाच आहे. डॅशबोर्डवर दिवा नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, स्कॅनरवर 'रेडिनेस' पाहा, म्हणजे गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. बऱ्याच तपासण्या अपूर्ण दाखवत असतील तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली आहे. अशी गाडी काही दिवस चालवून झाल्यावर पुन्हा पाहायला येते, असं सांगून निघा.

मिशिगनमध्ये गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय पैशांचं बोलू नका. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते लोखंड खातं. दारांखालची पट्टी, ब्रेकच्या नळ्या, मागची फ्रेम टॉर्चनं पाहा. फोर्डच्या एफ-१५० पिकअपची बॉडी २०१५ पासून ॲल्युमिनियमची आहे, पण खालची फ्रेम पोलादाचीच. वरून चकचकीत आणि खालून पापुद्रे, असं होऊ शकतं. टोयोटाच्या टॅकोमा पिकअपच्या फ्रेम इतक्या गंजल्या की कंपनीला २०१६ मध्ये दाव्यात तडजोड करावी लागली. गाडी आधी कुठल्या राज्यात होती ते कारफॅक्स या कंपनीच्या गाडीच्या इतिहासाच्या अहवालात दिसतं. टेक्सास किंवा जॉर्जियातली गाडी असेल तर मी थोडे जास्त पैसे द्यायला तयार असते.

पैशांचा हिशेब करताना विम्याचा दर आधी काढा, तोही त्याच व्हिनवर. किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या अनेक जुन्या किया-ह्युंदाईंमध्ये इमोबिलायझर (खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र) नव्हता, त्या इतक्या चोरीला गेल्या की काही विमा कंपन्यांनी नव्या पॉलिसी नाकारल्या. या दोन्ही कंपन्यांची १० वर्षांची इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी पहिल्या मालकापुरती असते. खासगी विक्रीत दुसऱ्या मालकाला मूळ तारखेपासून ५ वर्षं किंवा ६०,००० मैल, म्हणजे फोर्ड आणि शेव्हरोलेएवढीच. विकणारे हे सांगत नाहीत. जर्मन गाडी स्वस्तात दिसली तर आधी तिच्या ब्रेकचं आणि ऑइल गळतीचं काम करणाऱ्या मेकॅनिकला दर विचारा.

सगळं पटलं तरी स्वतः निवडलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. विकणाऱ्यानं सुचवलेला नको. तपासणीला नकार मिळाला तर गाडी सोडा, तिच्यावर कुठल्याही देशाचं नाव असो. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, 'सॅल्व्हेज' (मोठ्या नुकसानीनंतर निकालात काढलेली) किंवा 'रीबिल्ट' (तशी गाडी पुन्हा उभी केलेली) लिहिलं असेल तर पहिल्या गाडीसाठी तरी नको म्हणा. गाडी नावावर झाली की पहिल्याच आठवड्यात त्या कंपनीच्या डीलरकडे जाऊन उरलेले रिकॉल करून घ्या. तुम्ही कितवे मालक आहात हे ते विचारत नाहीत आणि पैसेही घेत नाहीत.