ओट्याला सीलर लावायच्या आधी पाण्याचा थेंब टाकून बघा

आमच्या ओट्यावर मिक्सरच्या शेजारी एक काळपट गोल होता, आईने लोणच्याची बरणी रात्रभर तिथेच ठेवली आणि बुडाखालून तेल दगडात मुरलं. ग्रॅनाइट पांढुरका, त्यामुळे डाग लांबूनही दिसायचा. घासून काही होईना तेव्हा मी सीलरचा, म्हणजे दगडात तेल-पाणी पटकन शिरू नये म्हणून लावायच्या द्रवाचा, डबा आणला आणि जाड लावला तर जास्त टिकेल असा हिशोब करून चांगला भसाभसा ओतला. दुसऱ्या दिवशी ओटा असा चिकट की पोळपाट उचलताना चर्र आवाज, वर सगळीकडे धुरकट पट्टे आणि डाग जिथल्या तिथे, उलट आता सीलरखाली जाऊन बसलेला. त्यानंतर जे शिकलो ते लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे सीलर दोन जातीचे असतात आणि दुकानदार दोन्हीला सीलरच म्हणतो. एक दगडात मुरणारा, तो आत छिद्रांमध्ये जाऊन बसतो, वर दिसत नाही, चमकही येत नाही. दुसरा वर थर धरणारा, बहुतेक ॲक्रिलिकचा, तो लावला की फरशी ओली असल्यासारखी चकचकीत दिसते. स्वयंपाकघराच्या ओट्याला माझ्या मते मुरणाराच घ्या, कारण थरावर गरम कढई टेकली, सुरी घासली की तो थर खराब होतो आणि मग खरवडत बसा.

आणि मुळात लागतो का ते बघा. दगडावर चमचाभर पाणी टाका, १०-१५ मिनिटं थांबा, पुसा. खालचा दगड गडद झाला असेल तर तो पाणी पितोय, सीलर लागेल. पाणी तसंच मण्यासारखं बसून राहिलं आणि दगडाचा रंग बदलला नाही तर पैसे वाचले. दाट काळ्या ग्रॅनाइटला बऱ्याचदा काहीच लागत नाही, लावला तर तो आत जाणार कुठे, वरच सुकून चिकटतो. व्हिट्रिफाइड टाइल्सचंही तेच, तिथे फक्त मधले सिमेंटचे जॉइंट सील करायचे, आणि जॉइंट इपॉक्सीचे (कडक होणाऱ्या रेझिनचे) असतील तर तेही सोडून द्या.

मार्बल, कोटा, शहाबादी, कडाप्पा हे सगळे चुनखडीच्या घराण्यातले. त्यांच्यावर लिंबू, चिंचेचं पाणी, व्हिनेगर सांडलं की दगडच थोडा विरघळतो आणि पॉलिश उडून फिका चट्टा पडतो. हा डाग नाही, दगडाची झीज आहे, आणि ती सीलरने थांबत नाही! सीलर तेल, चहा, हळद आत शिरायला उशीर लावतो म्हणजे तुम्हाला पुसायला वेळ मिळतो, एवढंच त्याचं काम. बाथरूमसाठी आणलेलं ॲसिड कोट्यावर ओतणारे लोक बघितले की मला अंगावर काटा येतो, दोन वेळा ओतलं की फरशी खडबडीत होते.

आता लावायचं कसं. आधी डाग काढा, ही माझी चूक तुम्ही करू नका. तेलाच्या डागावर खायच्या सोड्याची पाणी घालून केलेली घट्ट पेस्ट जाडसर थापा, वर प्लास्टिक, कडेने टेप, एक दिवस तसंच ठेवा, मग प्लास्टिक काढून पूर्ण सुकू द्या आणि झाडून घ्या. एकदा केल्याने जात नाही, दोन-तीनदा करावं लागतं. हळदीचा डाग असेल आणि दगड उन्हात येणारा असेल तर ऊन बरंच काम करतं, साबण लावल्यावर तो लाल झाला तर घाबरू नका, हळद साबणाला तशीच वागते.

मग ओटा साध्या सौम्य साबणाने धुवा, साबण अजिबात उरता कामा नये, आणि सुकू द्या. वरवर नाही, आतून. किमान एक दिवस, पावसाळ्यात दोन-तीन दिवस पंखा लावून, खरं तर पावसाळ्यात हे काम काढूच नका, दिवाळीच्या साफसफाईला काढा. फरशी असेल तर दीड-दोन फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर चिकटवा, सकाळी आतून बाष्प दिसलं तर खालून ओल येतेय, थांबा. नवीन बसवलेल्या फरशीला महिनाभर तरी हात लावू नका, खालचं सिमेंट सुकायला वेळ घेतं.

लावायच्या आधी सिंकच्या कडेला, सनमायकाला मास्किंग टेप मारा, खिडक्या उघडा, आणि डब्यावर सॉल्व्हंट (थिनरसारखं पेट घेणारं द्रव) लिहिलेलं असेल तर गॅस रेग्युलेटरपासून बंद, देवापुढचा दिवासुद्धा विझवा. मिक्सरखाली जिथे दिसत नाही तिथे वीतभर जागेवर करून बघा, रंग गडद होतो का ते कळतं. नंतर थोडं थोडं ओतून, दोन-दोन फुटाचा भाग घेऊन फडक्याने पसरवा, डब्यावर लिहिलेली मिनिटं थांबा, बहुतेक ५ ते १० असतात, आणि वर सुकायच्या आत कोरड्या सुती फडक्याने सगळं पुसून घ्या. सगळं म्हणजे सगळं, हात फिरवला तर बोटाला काही लागलं नाही पाहिजे. जुनी धोतरं, बनियन यासाठी एकदम भारी, टॉवेलचे तंतू सुटतात. नंतर एक दिवस पाणी नाही, भांडी नाहीत, त्या दिवशी बाहेरून जेवण मागवा.

आता काढायचं. मुरणारा सीलर आत गेला की घरी निघत नाही, तो हळूहळू झिजतो किंवा मशीनने दगड घासून वरचा भाग काढावा लागतो. पण माझ्यासारखा वर चिकट राहिलेला भाग निघतो, आणि उपाय ऐकायला उलटा वाटतो, त्याच्यावर तोच सीलर परत थोडा टाकायचा, मिनिटभर चोळायचं की जुना मऊ पडतो आणि लगेच कोरडं पुसायचं. आमच्याकडे पूर्ण ओट्याला तीन बनियन गेले. फार दिवसांचा असेल तर टर्पेंटाइन आणि पांढरा मऊ पॅड, तारेची घासणी नको, आणि खिडक्या-गॅसचा नियम टर्पेंटाइनलाही तोच.

थरवाल्याची गोष्ट वेगळी. आमच्या गॅलरीतल्या कोट्यावर आधीच्या मालकाने चकचकीत काहीतरी मारलं होतं, पावसाची ओल खालून अडकून ते पांढरं पडलं आणि पापुद्रे सुटले. असं काही असेल तर कोपऱ्यात नाण्याने खरवडा, साल निघाली तर थर आहे. पाण्यात बनवलेला ॲक्रिलिक थर फ्लोअर स्ट्रिपरने, म्हणजे फरशीवरचा थर सोडवणाऱ्या द्रवाने, निघतो, तो द्रव डब्यावरच्या प्रमाणात पाण्यात कालवून ४-५ फुटाच्या पट्ट्यात टाका, १०-१५ मिनिटं मुरू द्या पण सुकू देऊ नका, सुकला की घाण परत चिकटते, मग पॅडने घासून तो चिखल वायपरने ओढून फडक्याने उचला, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. हातात रबरी मोजे, पायात चप्पल, कारण हे पाणी अतिशय बुळबुळीत असतं, मी एकदा गॅलरीतच बसलो, इच्छा नसताना. घाई म्हणून त्यात ॲसिड किंवा ब्लीच मिसळू नका, आणि ॲसिड-ब्लीच एकमेकांत तर कधीच नाही, विषारी क्लोरीन निघतो.

इपॉक्सी किंवा पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) थर असेल तर केमिकलच्या नादी लागू नका, पॉलिशवाल्याला बोलवा, तो मशीनने काढेल, फक्त तुमच्यासमोर एका फरशीवर आधी करून दाखवायला सांगा.

कडाप्प्याला अळशीचं तेल लावायची पद्धत काही घरांत आहे, काळा रंग छान खुलतो, पण ती तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून सुकवा मगच फेका.

दर सहा महिन्यांनी तोच चमचाभर पाण्याचा प्रयोग करायचा, सिंकजवळचा भाग सगळ्यात आधी प्यायला लागतो, तेवढ्याच भागाला परत लावलं तरी चालतं. आमच्या लोणच्याच्या गोलावर आता मिक्सर ठेवलाय.