माल मोजते कोन? : अंतराळातील सरहद्दीचा मुलूख रचताना

अंतराळातील दूरचा काल्पनिक मुलूख रचायला बसलेला नवखा लेखक बहुधा ग्रहांच्या नावांपासून आणि आकाशाच्या रंगांपासून सुरुवात करतो, आणि दहा पाने भरल्यावर त्याच्या लक्षात येते की तेथील माणसे जगतात कशावर हे त्याने ठरवलेलेच नाही. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयात पावसाळ्याच्या संध्याकाळी आठ-दहा मुले असाच एक मुलूख वहीत मांडत होती. कोणत्या जगातून काय निघते, हे त्यांनी तेथे वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका वृद्ध कास्तकाराला मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या कास्तकारांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "अन् हा माल मोजते कोन?" मुलांपाशी उत्तर नव्हते. पुढे दिलेली पद्धत त्या प्रश्नावरून बसवलेली आहे.

प्रथम अंतर ठरवावे. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी हा 4.24 प्रकाशवर्षे दूर आहे, आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर. एवढ्या अंतरावर व्यापार चालवायचा तर लेखकाला निसर्गनियमांकडून एखादी सवलत मागावी लागते. मात्र ती एकच मागावी आणि तिची किंमतही ठरवावी. आमच्या मुलखाचे नाव 'पांदण'. पावसाळ्यात चिखलाने बंद होणाऱ्या शेतवाटेवरून ते घेतले आहे. त्यात तीन तारे आहेत, ताऱ्याताऱ्यांत जहाज वर्षातून दोनदाच उडी मारते, आणि जहाजापेक्षा वेगाने बातमी जात नाही. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची मानावी, कारण बातमी कोणाला आधी कळते यावर बाजारातील निम्मी ताकद अवलंबून असते. 1870 मध्ये मुंबई आणि लंडन यांच्यात समुद्राखालची तार जोडली गेली, तार येण्यापूर्वीच्या काळात विलायतेतील कापसाचा भाव इकडे जहाजातून येणाऱ्या पत्रांबरोबर येत असे. आपल्या मुलखात तार आली आहे की नाही, आणि आली असेल तर ती कोणाच्या घरात उतरते, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवावे. तीन ताऱ्यांपैकी एकाच ताऱ्याचा परिसर सविस्तर रचावा आणि उरलेल्या दोघांची नावे व देणीघेणी तेवढी नोंदवावीत. सगळे रचू पाहणाऱ्याचे काहीच पुरे होत नाही.

त्यानंतर प्रत्येक जगाच्या गुरुत्वाकर्षणाची विहीर किती खोल आहे ते पाहावे. अंतराळात भाडे किलोमीटरवर कमी आणि गुरुत्वाकर्षणातून माल वर ओढण्यावर अधिक पडते. पृथ्वीवरून सुटण्यासाठी सेकंदाला 11.2 किलोमीटरचा मुक्तिवेग लागतो, मंगळावरून सुमारे 5, चंद्रावरून सुमारे 2.4, तर सेरेस या बटुग्रहावरून जेमतेम अर्धा किलोमीटर. लागणारी ऊर्जा या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, पृथ्वीवरून एक किलो माल बाहेर काढण्यास जेवढी ऊर्जा लागते तिच्या पाचव्या हिश्श्यात मंगळावरचा किलो निघतो आणि बाविसाव्या हिश्श्यात चंद्रावरचा. साठ हात खोल विहिरीवर मोट चालवणारा आणि नाल्याच्या काठी बादलीने पाणी काढणारा यांच्या ओलिताचा खर्च सारखा नसतो. म्हणून खोल विहिरीच्या जगाने धान्यासारखा जड आणि स्वस्त माल बाहेर पाठवू नये. पाठवत असेल, तर त्यामागची बळजबरी कोणाची आहे हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे. बहुतेक चांगल्या कथा या बळजबरीतच सापडतात.

आता जगे घ्यावीत, आणि प्रत्येक जगात काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी लिहावे. आमच्या पांदणीत तीन वस्त्या आणि एक स्थानक आहे, आणि तिन्ही वस्त्यांसाठी आपल्याच सूर्यमालेतील नमुने वापरले आहेत, म्हणजे आकडे हवेत राहत नाहीत. 'तांबडी' मंगळासारखी आहे. मंगळाचे वातावरण पृथ्वीच्या तुलनेत एक टक्क्याहूनही विरळ आहे; त्यात सुमारे 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि तीन टक्क्यांहून कमी नायट्रोजन आहे, शिवाय मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत. तेथे शेती करायची तर माती धुवावी लागेल आणि नायट्रोजन बाहेरून आणावा लागेल. युरियाच्या एका गोणीसाठी कृषी केंद्रापुढे रांगेत उभ्या राहिलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

'धुई' शनीच्या टायटन या चंद्रासारखी आहे. तुरीच्या फुलोऱ्यावर पडणारी धुई जशी दिवस उजाडू देत नाही, तसे तेथील दाट वातावरण असते. टायटनवरील हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट आहे, त्या हवेत सुमारे 95 टक्के नायट्रोजन आहे आणि पृष्ठभागाचे तापमान उणे 179 अंश सेल्सिअस आहे. नायट्रोजन उणे 196 अंशांना द्रवरूप होतो, त्यामुळे तेथे तो थोड्या अधिक थंडाव्याने टाक्यांत भरता येतो. तेथे मिथेनची तळी आहेत, पण मिथेन जाळायला मोकळा प्राणवायू नाही. तो बर्फ फोडून काढावा लागतो आणि त्यासाठी पुन्हा ऊर्जा लागते. इंधनाच्या तळ्याकाठी थंडीने कुडकुडणारी ही वस्ती आमच्या मुलांना फार आवडली.

तिसरे जग 'बरड', म्हणजे लघुग्रहांचा पट्टा. पाणी आणि धातू तेथे आहेत, विहीर नावापुरतीच आहे, आणि अन्न अजिबात नाही. या तिघांना जोडणाऱ्या स्थानकाचे नाव 'फाटा'. फाट्यावर काहीही पिकत नाही. सर्वांत मोठी घरे मात्र तेथेच असावीत.

असे का, हे समजण्यासाठी कापसाचा हिशोब एकदा कागदावर करून पाहावा. साधारण पाच क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला, की 170 किलो रुईची एक गाठ तयार होते. उरलेल्यात मुख्यतः सरकी असते, सरकीतून तेल निघते आणि तेल काढल्यावर ढेप राहते. कापूस पिकवणाराच पुढे आपल्या बैलांसाठी ती ढेप रोख पैसे मोजून विकत आणतो. शेतात राहते ती पऱ्हाटी, चुलीपुरती. आपल्या मुलखातील प्रत्येक मालाला हाच प्रश्न लावावा: तो कच्चा जातो की गाठ होऊन जातो, त्यावरची प्रक्रिया कोठे होते, आणि उपपदार्थ कोणाच्या पदरात पडतो? बरडवरून खनिज तसेच फाट्यावर जात असेल, तर त्यातून निघणारा प्राणवायू फाट्याच्या मालकीचा होईल आणि बरडचे मजूर आपल्याच दगडातला श्वास विकत घेतील. भट्टी बरडवर हलवली की सगळे राजकारण बदलते. हा एक निर्णय दहा ग्रहांच्या वर्णनापेक्षा अधिक काम करतो.

येथे त्या कास्तकारांच्या प्रश्नाकडे यावे लागते. फाट्यावर वजनच नसते. मुक्त भ्रमणात काट्याच्या पारड्यात काही ठेवून उपयोग नाही. वस्तू स्प्रिंगला बांधून हलवावी लागते आणि ती किती सावकाश झुलते यावरून तिचे वस्तुमान काढावे लागते. अंतराळस्थानकावर अंतराळवीरांचे वस्तुमान याच तत्त्वाने मोजतात. परंतु धुईहून आलेल्या टाकीतील द्रव नायट्रोजन आत हिंदकळतो आणि मोजणीत गोंधळ घालतो, शिवाय प्रवासात थोडा नायट्रोजन उकळून उडून जातो. म्हणजे हिंदकळण्याची कपात आणि उडण्याची घट अशा दोन वजाबाक्या मापाऱ्याच्या हाती आल्या. ओलाव्याच्या नावाने क्विंटलमागे दोन किलो कापले गेल्याचा अनुभव ज्याच्या गाठीशी आहे, त्याला या वजाबाकीतले कथानक दिसेलच. ही घट विकणाऱ्याच्या माथी, वाहतूकदाराच्या माथी की घेणाऱ्याच्या, हे नियम करून लिहावे. तो नियम कोणी केला तेही लिहावे.

भावाइतकेच लक्ष चुकाऱ्याकडे द्यावे. माल आज गेला आणि पैसे पुढच्या जहाजाने येणार असतील, तर मधले सहा महिने वस्ती उधारीवर जगते, आणि उधारी देणाराच पुढच्या हंगामाचा भाव बांधतो. त्यात दरवर्षी विकत घ्यावी लागणारी एक वस्तू मिसळावी. आपल्याकडे 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. या संकरित वाणांचे घरचे बियाणे पुढच्या वर्षी तसे उतरत नाही, म्हणून पाकीट दर हंगामाला नवे घ्यावे लागते. तांबडीवर हीच जागा माती शुद्ध करणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाला दिली आहे. ते दोन पिढ्यांनंतर निकामी होते आणि ते फक्त फाट्यावर मिळते.

दिनदर्शिका विसरू नये. पृथ्वी आणि मंगळ यांच्यात कमी इंधनात जाण्याची संधी साधारण 26 महिन्यांतून एकदाच येते आणि प्रवासाला सात ते नऊ महिने लागतात. पेरणीचा वाफसा चुकल्यासारखेच हे आहे. वर्षाची लांबीही तपासावी. प्रॉक्झिमाभोवतीच्या एका ग्रहाचे वर्ष अवघ्या 11.2 दिवसांचे आहे, तेव्हा पाडव्याला सालदार ठेवण्याची पद्धत तेथे नेली तर मालकाला दर अकरा दिवसांनी नवा करार करावा लागेल. (आमच्या मुलांचे मत असे पडले की सालदाराची यास हरकत नसावी.)

मुलूख उभा झाला की त्याला बाहेरून धक्का द्यावा, आणि त्या धक्क्याचे कारण मुलखातील कोणालाही नीट कळू देऊ नये. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडला पोहोचेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला अकस्मात भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळला. नागपूरपर्यंत रेल्वे आली ती 1867 मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर. तेजीच्या भरवशावर घेतलेले कर्ज, बदललेले पीक आणि उशिरा पोहोचलेली वाट या तिन्ही गोष्टी पांदणीत तशाच बसतात. वाट कोणाच्या मालकीची, हेही ठरवावे. यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूस नेणारी अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे एका खासगी ब्रिटिश कंपनीने बांधलेली होती, आणि तिचे टोक बंदराकडे जाणाऱ्या मुख्य मार्गाला जोडलेले होते. शेजारच्या दोन गावांना जोडण्यासाठी अशी वाट बांधली जात नाही. आमच्या नकाशातही धुईवरून बरडला थेट जहाज नाही.

शासन आणायचे असेल तर ते चांगले किंवा वाईट असे रंगवू नये, त्याचा एक नियम घ्यावा आणि त्याचे परिणाम शोधावेत. महाराष्ट्रात 1972-73 च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. शेजारच्या राज्यात भाव चढला की रात्री गाड्या सीमेपलीकडे जात, आणि उतरला की पलीकडचा कापूस इकडे येई. एकच खरेदीदार असलेल्या जगात चोरवाटा कोठून फुटतात, हे यावरून काढता येते.

शेवटी वहीची दोन पाने आखून दहा हंगाम चालवून पाहावेत: प्रत्येक वस्तीने काय पाठवले, किती घट लागली, चुकारा कधी आला, उधारी किती उरली. फासे टाकून चांगले-वाईट हंगाम ठरवले तरी चालते. तीन हंगामांत एखादी वस्ती उपाशी मरत असेल, तर गणित चुकले आहे. दहाही हंगामांत सगळे सुखी असतील, तरीही चुकले आहे. आमच्या वहीत चौथ्या हंगामात धुईच्या लोकांनी फाट्यावर येताना स्वतःची स्प्रिंग आणली. एकच टाकी दोनदा झुलवली गेली आणि दोन मापांत चाळीस किलोंचा फरक निघाला. गोष्ट मुलांनी तेथून लिहायला घेतली आहे.