गोचीड काढताना घाई करा पण जाळू नका

कुत्र्याला किंवा आपल्याला गोचीड चिकटलेली दिसली की लोक लगेच रॉकेल ओततात नाहीतर काडीने चटका देतात, ते अजिबात करू नका, बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडायची आणि न पिळता सरळ वर ओढायची, मग साबणाने धुवा. बाबेसिया (गोचिडीतून पसरणारा रक्तातला सूक्ष्म परजीवी) माणसात शिरायला बहुतेक वेळा गोचीड 36 ते 48 तास चिकटून राहावी लागते, म्हणून रोज अंग तपासायचं (जांघा, काखा, कानामागे, कुत्र्याच्या बोटांमधे पण!). जनावराची लघवी लाल-कॉफीसारखी झाली, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर थेट व्हेट. माणसाला पुढच्या काही आठवड्यात थंडीताप आला तर डॉक्टरला गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, कारण रक्ताच्या स्मिअरमधे (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला रक्ताचा थेंब) हा परजीवी मलेरियासारखाच दिसतो. स्प्लीन (प्लीहा) काढलेल्यांनी तर असा ताप अंगावर काढूच नका.