पॉश तक्रार करताय? या चुका टाळा, सीझन संपायची वाट तर बघूच नका

पॉश म्हणजे कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. मी गोव्यात, म्हापशात बायकांना या तक्रारींचे अर्ज लिहून देते, वकील नाही, आणि दर जूनमध्ये तेच तेच बघून वैतागलेय. पर्यटकांच्या सीझनभर त्रास सोसायचा, गप्प बसायचं, का तर शेवटचा पगार मालकाच्या हातात. कायद्यात मुदत आहे शेवटच्या प्रसंगापासून ३ महिने, ती काय तुमच्या पगारासाठी थांबत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली, किनाऱ्याकडच्या गेस्ट हाऊसमधली, स्टाफ सगळा मिळून ७ आणि त्रास देणारा खुद्द मालक. म्हणे जानेवारीत झालं. आणि आली कधी, तर जूनमध्ये! चहा दिला, एकेक तारीख विचारत बसले तेव्हा हळूच म्हणते, एप्रिल संपेपर्यंत रात्री मेसेज यायचे पण ते "काय एवढं नव्हतं". अगे बाय, तोच तर शेवटचा प्रसंग! पण बाईसाहेबांनी रागात सगळं चॅट डिलीट केलेलं. नशीब, किचनमधल्या ताईला तिने स्क्रीनशॉट पाठवलेले. तेव्हापासून मी आधी कॅलेंडर काढते, नाताळच्या आधी की नंतर, शिगमो (होळीचा सण) झाला होता का, असं विचारत तारखा लावते, मगच पेन उचलते. चॅट नजरेसमोर नको असेल तर आर्काइव्ह करा, पुसू नका. ३ महिने उलटलेच तर उशिराचं कारण लिहा, तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीला पटलं तर आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढते, पण त्या भरवशावर राहायचं नाही.

कामाला १०पेक्षा कमी माणसं किंवा तक्रार मालकावरच, तर जिल्ह्याची स्थानिक समिती, नाहीतर ऑफिसची अंतर्गत समिती. महिला आयोगाला पत्र दिलं म्हणजे समितीकडे तक्रार झाली असं नसतं.

नेटवरचा नमुना उतरवून "माझा मानसिक छळ झाला" एवढंच लिहिणाऱ्यांना तर मी परतच पाठवते. काय बोलला, कुठे, कोण होतं, त्याच्याच शब्दांत लिहा, लाज वाटली तरी.

बाकी पटापट: प्रती ६, साक्षीदारांची नावं-पत्ते सोबत. समितीसमोर वकील चालत नाही. पैसे घेऊन समझोता करता येत नाही. सुनावणीच्या सलग ३ तारखा कारणाशिवाय चुकवल्या तर नोटीस देऊन चौकशी बंद होऊ शकते. व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ज टाकू नका, गुप्तता कायद्यातच आहे.

आणि चौकशीला ९० दिवस असतात, तिसऱ्याच दिवशी "ताई, काय झालं?" म्हणून मला फोन करू नका.