क्रूझवरचा बंदर नसलेला दिवस कसा घालवायचा (वावर सोडून आलेल्यांसाठी)

मागच्या डिसेंबरात पोरानं न विचारता आम्हा दोघांचं मुंबई-कोची-लक्षद्वीप क्रूझचं बुकिंग करून टाकलं. सोयाबीन निघालं होतं पण कापसाची दुसरी वेचणी बाकी, वेचायला बाया मिळत नव्हत्या, अन आम्ही बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली. या ट्रिपमध्ये एक अख्खा दिवस जहाज कुठंच थांबत नाही, नुसतं पाणी. त्याला सी डे म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला हाच दिवस जड जातो, रिकामं बसायची सवय कुठे आहे आपल्याला. मी सकाळी दहाच्या आत सालदाराला तीनदा फोन लावून पाहिला, म्हणून हे लिहून राहिलो.

तर पहिले फोनचं पाहा. किनारा लांब गेला की टॉवर सुटतो आणि फोन जहाजावरच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटू शकतो, त्याचे रेट आपल्या पॅकमध्ये बसत नाहीत, बिल पाहून डोळे पांढरे होतील. घरी आधीच सांगून ठेवायचं की उद्या फोन बंद, आणि आदल्या रात्रीच फ्लाइट मोड.

मग पोट. मळमळ होते ती खाण्यानं नाही, डोळे म्हणतात रूम जागेवर आहे आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हलून राहिली, त्या भांडणात आपण मरतो. एसटीत मागच्या सीटवर जास्त आदळतं आणि मधात कमी, तसंच जहाजाचं, मधली आणि खालच्या मजल्यावरची रूम सगळ्यात कमी हलते. बुकिंग करतानाच हे पाहायचं. गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी, नंतर घेऊन फारसा उपयोग नाही. उपाशी राहू नका. बरं वाटेनासं झालं की डेकवर, म्हणजे जहाजाच्या उघड्या मजल्यावर, जाऊन आभाळ आणि पाणी मिळतं त्या रेषेकडे पाहत बसा. बायकोनं पर्समधून सुंठेचा तुकडा काढून दिला, तोही कामी आला.

आता मुख्य काम, खुर्ची. पूलजवळच्या खुर्च्यांवर लोकं सकाळी टॉवेल टाकून मोकळे होतात, त्या भानगडीत पडू नका. बाजूच्या डेकवर जा. मुंबईहून कोचीकडे म्हणजे जहाजाचं तोंड दक्षिणेला, तर सकाळचं ऊन डाव्या बाजूला येते आणि दुपारनंतर उजव्या. सकाळी उजवीकडे बसा, जेवून डावीकडे या, आपण निंबाच्या सावलीसोबत बाज सरकवतो तसं. वारा गार असतो म्हणून ऊन लागून राहिलं हे कळतच नाही, मी शेतकरी माणूस, मला काय होते म्हटलं आणि संध्याकाळी नाक लाल. दुपट्टा बांधा, क्रीम लावायची लाज वाटू देऊ नका.

रूममध्ये दिवसभराच्या कार्यक्रमांचा कागद येतो. बिंगो, डान्स क्लास, जादूचे प्रयोग, सगळं असते. एकच निवडा. दोन निवडले की तुम्ही पुन्हा घड्याळाच्या मागे. जेवणाचं काही सांगायला नको, फक्त गर्दीच्या आधी जा, हात साबणानं धुवा, आणि जहाजानं दिलेलं कार्ड दाखवून मागवलेली प्रत्येक गोष्ट शेवटी बिलात येते हे लक्षात ठेवा.

मग बसा. खरंच बसा. पहिला अर्धा तास पाय हलत राहतात. चहाच्या कपाकडे पाहिलं तर इंजिनाच्या थरथरीनं वर बारीक वलयं उठून राहिली होती, रेलिंगला हात लावला तर बोटं खारट. मागच्या टोकाला गेलो तर जहाजामागं पाण्यात पांढरा पट्टा, वावरात डवरणीनं पडलेल्या तासासारखा, म्हणजे ओळीसारखा सरळ, पण आपला तास राहतो, हा पाहता पाहता मिटते. मग एकदम पाण्यातून मासे उडाले, पंख पसरून, बरेच लांब जाऊन पडले. बायको म्हणाली, "अवो, सोयाबीनमधून नाकतोडे उडतात तसेच की." तेवढ्यासाठी दोन तास कसे गेले समजलं नाही.

दुपारी झोपा, पण गजर लावून, नाहीतर सूर्य बुडताना हुकते. दुबईसारख्या लांबच्या क्रूझवर असाल तर घड्याळ रात्रीतून मागे घेतात, दुबई आपल्या दीड तास मागे आहे, तेव्हा जेवणाची वेळ जहाजाच्या घड्याळानं पाहा.

रात्री जेवण झालं की उजेड कमी असलेला डेक शोधा. तारे आपल्या खळ्यातून दिसतात तसेच, फक्त खाली कुत्रं भुकत नाही. खुर्च्या गोळा करणारा पोरगा आला, "काकाजी, बंद करायचंय" असं काही तो म्हणणार नाही, तो सर म्हणते. मी म्हटलं दहा मिनिटं दे बाप्पा, आणि त्यानं दिली.