नेरूरपारहून कयाक सोडण्याआधी

नेरूरपारच्या पुलापाशी कर्ली नदीत कयाक सोडायची आणि पाण्याबरोबर मालवणजवळच्या देवबागला जाऊन उतरायचं, एवढाच बेत होता. गेल्या खेपेला आम्ही दोघांनी त्याचा पुरता विचका केला, म्हणून हे लिहितोय.

लाईफ जॅकेट घालायचंच, त्यावर चर्चा नको. प्यायचं पाणी, टोपी वगैरे तुम्हाला कळतं.

भरती-ओहोटी बघा. रजा टाकण्याआधी बघा, कयाक भाड्याने ठरवण्याआधी बघा. नकाशात कर्ली नदी दिसते, पण या टप्प्यात ती खाडी आहे आणि दिवसातून दोनदा उलटी वाहते. आम्ही चतुर्थीला सकाळी दहाला पाण्यात उतरलो. तासभर वल्हवून मागे पाहिलं, तर पूल होता तिथेच. होडीतले एक आजोबा हसून म्हणाले, "पाणी चढता हा, खंय चललास?" हिशेबही त्यांनीच सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन. म्हणजे नऊला ओहोटी संपते आणि नऊ ते तीन पाणी आत चढत राहतं. आम्ही नेमके त्याच्या तोंडावर गेलो होतो. पौर्णिमा-अमावास्येनंतर मोजणी पुन्हा एकपासून. हिशेब ढोबळ आहे; पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. तक्ता बंदराचा असतो आणि आत खाडीत पाणी फिरायला आणखी वेळ लागतो, तोही धरा.

आता मी नवमी-दशमी गाठतो. भरती पावणेसात-साडेसातच्या सुमारास संपते, मग दुपारपर्यंत ओहोटी तुम्हाला खाली नेते. शिवाय तेव्हा भांग (उधाणाच्या उलट, लहान भरती-ओहोटी) असतो, ओढ बेताची. उधाणाच्या दिवसांत नवख्यांनी जाऊच नये. दुपारी खारा वारा सुटतो तो समोरून, म्हणून बाराच्या आत देवबागला उतरलेलं बरं. पावसाळ्यात नाही म्हणजे नाही.

पायात मागे पट्टा असलेले सँडल हवेत. ओहोटीला काठाचा चिखल मांडीपर्यंत येतो आणि साधी चप्पल तिथेच राहते (माझी अजून तिथेच असेल). कांदळवनात शिरायचा मोह आवरा. मुळांना चिकटलेली कालवं (धारदार शिंपले) हात कापतात, आणि हवेची कयाक असेल तर ती फाडतात. मच्छीमारांच्या जाळ्यांना लांबून वळसा घाला.

गाडी आधी देवबागला ठेवा आणि नेरूरपारला रिक्षाने या. उतरायचं खाडीच्या बाजूला, नदी समुद्राला मिळते त्या संगमाच्या बरंच अलीकडे. संगमाशी ओहोटी थेट समुद्रात खेचते; फोटोसाठी पुढे जाऊ नका. निघायची आणि पोचायची वेळ काठावरच्या कुणाला तरी सांगून ठेवा.

आदल्या रात्री भरतीची वेळ पुन्हा बघा. सकाळी कयाक पाण्यात ढकलण्याआधी काडी टाकून बघा, कुठे वाहतेय. उलटी गेली तर चहा प्या, थांबा.

बाकी: शिट्टी, फोन पाणबंद पिशवीत, सुके कपडे गाडीत. घरी आल्यावर कयाक गोड्या पाण्याने धुवा.